सलाईनच्या बाटलीत किती ताकद?

"डाक्टरसाहेब, हिला एक सलाईन लावा. तापातून उठली, पण अंगात ताकदच नाही."

शेतमजूर नवरा-बायको समोर बसले होते. बाई टायफॉईडमधून बऱ्या झालेल्या. ताप नाही, जुलाब-उलट्या नाहीत, रक्तदाब ठीक, जेवण तोंडाने जात होते. सलाईनची गरज नव्हती. मी तसे सांगताच नवरा म्हणाला, "पैशाची काळजी नको साहेब, दोन कोंबड्या विकून आलोय."

ऐकून वाईट वाटले. कारण ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत असते काय? २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण पाच चमचे साखरेएवढे. बाकी सारे पाणी! नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर तेवढेही नसते.

आता आपली पेशी कशाची बनते ते पाहू. पाणी व क्षार सोडले तर तिच्यात मुख्यतः चार प्रकारचे पदार्थ असतात. पहिला पिष्टमय पदार्थांचा. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. भाकरीतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. दुसरा स्निग्ध पदार्थांचा. तेल-तुपातही हीच तीन मूलद्रव्ये, पण ऑक्सिजन कमी. म्हणून १ ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तर तेलातून ९. शरीराच्या चुलीचे हे सरपण.

तिसरी प्रथिने. स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये ही सारी प्रथिनेच. चौथी न्यूक्लिक आम्ले. कोणते प्रथिन कसे बांधायचे याचा आराखडा त्यांत असतो.

प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. साखरेत तो मुळीच नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो शरीराला वापरता येत नाही. अन्नातल्या प्रथिनांतूनच घ्यावा लागतो. मग ग्लुकोजच्या दहा बाटल्या चढवल्या तरी झिजलेला स्नायू भरून कसा येणार?

प्रथिने २० अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली ९ शरीराला तयार करता येत नाहीत. ज्वारीत लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव धान्य भरून काढते. म्हणून भाकरी-पिठले, वरण-भात ही जोडी शास्त्राला धरून आहे. अंड्यात ही नऊही असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. आणि इथे अंडी देणाऱ्या कोंबड्याच विकल्या होत्या!

मी त्यांना म्हटले, "या पैशाच्या कोंबड्या परत घ्या, डाळ-शेंगदाणे घ्या. बाईंना रोज अंडे आणि वाटीभर घट्ट वरण द्या." बाई हसल्या. नवरा जरा नाराजीनेच उठला.

जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल, तर सलाईन जीव वाचवते. तेव्हा टाळाटाळ नको. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने किती घ्यावीत ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी ताकद ताटातच शोधावी.