डग्गा कुठे गेला?

नायगावातल्या घरी पहिला एफएम ट्रान्समीटर जुळवला, तेव्हा तो हवेत सोडायचा नव्हताच. परवाना नसताना अँटेना लावायची नाही, हे मला नीट शिकवलेलं होतं. पन्नास ओहमचा डमी लोड, शेजारी रेडिओ आणि टेपवर भजन. टाळ खणखणीत आले, गवयाचा गळा आला. डग्गा मात्र आलाच नाही. जोडणी तीनदा तपासली, दोष जोडणीत नव्हता. फेज-लॉक्ड लूप आपलं काम चोख करत होता आणि तेच डग्ग्याच्या मुळावर आलं होतं.

लहर ठरल्या जागी उभी राहिली पाहिजे, ही रेडिओची जुनी गरज. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झवर. घर बदललं तरी आकडा बदलून चालणार नव्हतं. श्रोत्याकडे पत्ता तेवढाच होता. क्वार्ट्झचा क्रिस्टल आकडा घट्ट धरतो, पण एकच. कॉइल-कंडेन्सरचा ऑसिलेटर हवा तिथे नेता येतो, पण तापला की सरकतो. एका ऑसिलेटरची फेज दुसऱ्याशी बांधायची युक्ती फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओ ग्रहणासाठी मांडली. पुढे ती या दोघांचा संसार जुळवायला कामी आली.

गिरणगावाला ही युक्ती परकी वाटू नये. चाळीतलं घड्याळ मागे-पुढे जायचं आणि गिरणीचा भोंगा झाला की कुणीतरी काटा सारखा करायचं. भोंगा म्हणजे क्रिस्टल, घड्याळ म्हणजे ऑसिलेटर, काटा सरकवणारा हात म्हणजे लूप. ९८.३ मेगाहर्ट्झ हवेत? मग दहा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल शंभराने भागून शंभर किलोहर्ट्झ करा आणि ऑसिलेटरला ९८३ ने भागा. दोन्ही ठोके सोबत पडतात का, हे फेज डिटेक्टर पाहतो. फरक फिल्टरमधून जातो आणि त्या व्होल्टेजने व्हॅरॅक्टर डायोड ऑसिलेटरला जागेवर आणतो. ९८३ चे ९८४ केले की ९८.४.

आता त्यात आवाज घाला. एफएममध्ये आवाज म्हणजे वारंवारिता हलवणं, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे-तिकडे. लूपच्या लेखी ते हलणंच चूक! माझा लूप सेकंदाला काही शे वेळा होणारं हलणंही दुरुस्त करण्याइतका चपळ होता. टाळ त्याच्या आवाक्याबाहेर निसटले. शंभर हर्ट्झच्या आसपासचा डग्गा त्याला सरकलेला ऑसिलेटर वाटला आणि त्याने तो पुसून टाकला. उपाय म्हणजे लूप सुस्त करणं. लॅमिंग्टन रोडवरून मोठा कंडेन्सर आणला, फिल्टरचे रेझिस्टर बदलले. भोंगा पाळीलाच व्हायचा; मधल्या वेळात लंबक कसाही झुलो, हात मध्ये येत नसे. डग्गा घुमला. त्या दिवसाचा आनंद अजून ताजा आहे.

उलटी वाटही आहे: ऑसिलेटरला हात न लावता भोंगाच हलवायचा. हे काम डिजिटल सिंथेसिस सुरेख करतं. टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांच्या १९७१ च्या निबंधाने त्याचा पाया घातला. एक संचायक प्रत्येक ठोक्याला ठरलेला आकडा स्वतःत मिळवत जातो. ती बेरीज म्हणजे फेज. तक्त्यातून तिची साइन किंमत काढून व्होल्टेज करायचं. मिळवायचा आकडा बदलला की वारंवारिता बदलते, बेरजेत अधिक घातलं की फेज सरकते. हौशी मंडळींच्या लाडक्या एडी९८५० चिपमध्ये १२५ मेगाहर्ट्झचा ठोका आणि ३२ बिटांचा आकडा असतो. १२५ मेगाहर्ट्झचे ४,२९,४९,६७,२९६ भाग केले की एक पायरी ०.०२९ हर्ट्झची! मात्र ठोक्याच्या निम्म्यापलीकडे तिची मजल नाही, म्हणून ९८.३ तिच्यातून थेट निघत नाही. ती ९.८३ देते आणि लूप दहापट करतो. साडेसात किलोहर्ट्झचं हलणं आपोआप ७५ होतं. इथे मात्र लूप चपळच हवा, नाहीतर टाळ बुडतात. शिवाय आकड्यांच्या छाटणीतून उठणाऱ्या बारीक शिट्ट्याही दहापट होतात. काही ट्रान्समीटर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आवाज देतात: संथ भाग भोंग्याला, वेगवान भाग ऑसिलेटरला. ते तोलणं कठीण, पण मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच.

एकाच भोंग्यावर किती जण चालतात, ते मोठ्या प्रमाणावरही दिसतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, एकाच तालात ऐकतात. त्यांचा भोंगा प्रकाशतंतूंतून जातो.

माझ्या टेबलावर आता सुस्त लूप आणि चिप, दोन्ही आहेत. डेटा पाठवून पाहायचा असेल तर मी चिप घेतो. भजनासाठी अजून तो सुस्त लूपच. चालू केल्यावर लॉक व्हायला वेळ घेतो, तोवर नुसती खरखर, आणि मग डग्गा.