सिनेमासाठी उभारलेलं स्टेडियम

मुंबईत वानखेडे आहे, ब्रेबॉर्न आहे, फुटबॉलसाठी कूपरेज आहे. तरीही ‘मैदान’ या हिंदी चित्रपटासाठी मढला वेगळं स्टेडियम उभारावं लागलं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या भारतीय फुटबॉल संघानं १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक मिळवलं, त्याची ही गोष्ट.

खरं स्टेडियम का चाललं नाही, हे समजायला अवघड नाही. आजच्या स्टेडियममध्ये प्लॅस्टिकच्या रंगीत खुर्च्या आणि चमकत्या जाहिरातपट्ट्या असतात; १९६२मध्ये यातलं काहीच नव्हतं. दुसरी अडचण तारखांची. पडद्यावरचा नव्वद मिनिटांचा सामना चित्रित करायला कित्येक दिवस जातात. पाऊस सरला की शूटिंगवाल्यांना मैदान हवं असतं, आणि खेळाडूंचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो. त्यात क्रिकेटचं मैदान असेल तर खेळपट्टीच्या आसपास क्रेन किंवा ट्रॉलीचे रूळ आलेले कुठल्याही क्युरेटरला खपत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून मढला गवत लावलं गेलं, स्टँड उभे राहिले. २०१९मध्ये चित्रीकरण सुरू झालं. मग टाळेबंदी आली आणि काम थांबलं. सेट उतरवला, पुन्हा बांधला, आणि मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळानं तो भुईसपाट केला. तो परत उभारला गेला. अखेर एप्रिल २०२४मध्ये चित्रपट लोकांसमोर आला. तिकीटबारीनं त्याला फारशी साथ दिली नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यातला फुटबॉल मन लावून चित्रित केलेला आहे. खेळाच्या दृश्यांसाठी फ्योदोर ल्यास हा वेगळा छायालेखक नेमला होता. चेंडूबरोबर धावणारा कॅमेरा खेळाडूच्या घोट्याइतका खाली उतरतो, तेव्हा आपण प्रेक्षागृहात न राहता थेट डी-बॉक्समध्ये पोचतो.

अशा सेटवर खरी कसोटी लागते गर्दीची. भरलेलं स्टेडियम दाखवायचं, पण तेवढे ज्युनिअर आर्टिस्ट आणणं कुणालाच परवडत नाही. मग सहसा काही शे माणसं एका स्टँडमध्ये बसवून शॉट घेतात, त्यांनाच उठवून टोप्या-छत्र्या बदलून पुढच्या स्टँडमध्ये बसवतात आणि हे तुकडे नंतर संगणकावर जोडतात. सूर्य मात्र कुणासाठी थांबत नाही. सकाळी मारलेल्या किकची सावली पश्चिमेला पडते आणि दुपारी उशिरा घेतलेल्या गोलच्या शॉटमध्ये ती पूर्वेला गेलेली असते. दोन्ही शॉट एकाच क्षणाचे दिसायला हवे असतील, तर वेळेचं गणित आधीच बसवावं लागतं.

तरीही काही वेळा खऱ्या जागेला पर्याय नसतो. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सच्या नेव्हिल ग्राउंडवर भारताची ५ बाद १७ अशी अवस्था असताना कपिल देवनं नाबाद १७५ धावा काढल्या. तिथे टीव्हीचे कॅमेरेच नव्हते, त्यामुळे त्या खेळीचं चित्रण नाही. ‘८३’ या चित्रपटाच्या चमूनं त्याच मैदानावर जाऊन ती खेळी उभी केली. माझ्या मते लोकेशनचा याहून रास्त वापर क्वचितच झाला असेल.

उलट अनुभव ‘झुंड’चा. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मैदानावर सेट लागला होता. मुलांचं मैदान शूटिंगला कसं दिलं, यावरून वाद पेटला आणि सेट काढावा लागला. चित्रपट पुढे नागपुरात झाला. नागपूरच्या वस्त्यांतल्या फुटबॉलची ही कथा तिथेच चित्रित झाली, हे चांगलंच झालं. पण विद्यार्थ्यांची तक्रारही खोटी नव्हती.

हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहणार नाही. मध्य प्रदेशानं २०२०मध्ये चित्रपट पर्यटन धोरण आणलं. महेश्वर तर चित्रीकरणासाठी आधीपासूनच ओळखीचं आहे. उद्या एखादं युनिट बुऱ्हाणपूरला किंवा सीमेच्या अलीकडे जळगावला स्टेडियम मागायला आलं, तर त्याचं जरूर स्वागत करावं. पण अशा गावांत पोरांना खेळायला धड मैदान एखादंच असतं. म्हणून पालिकेनं करारातच लिहून घ्यावं: सरावाच्या वेळा मोकळ्या राहतील, गवत पूर्ववत करून मिळेल आणि भाड्याचे पैसे त्याच मैदानावर खर्च होतील.