वारणेकाठाहून क्रूझवर

वारणानगरहून क्रूझला निघायचे तर सर्वांत सोयीचे बंदर मुंबईचे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले की बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच. तरीही आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

मुंबई-गोवा मार्गावर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली, 2021 मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली. बुकिंग करताना जाहिरातीतला आकडा अंतिम समजू नका. बंदर शुल्क, सेवा शुल्क, जीएसटी धरून एकूण रक्कम लेखी मागा. सर्वांत स्वस्त केबिनला खिडकी नसते. बोट लागण्याची धास्ती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. माझ्या मते आई-वडिलांना नेताना बाल्कनीपेक्षा हीच केबिन बरी.

मूळ ओळखपत्र हवेच. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टही. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोचतात. किनारा सुटला की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावरचे रोमिंग फार महाग पडते. घरात कुणी गरोदर असेल किंवा सोबत तान्हे मूल असेल, तर कंपनीचा नियम विचारल्याशिवाय पैसे भरू नका.