गंधक संपायच्या आत

तासगाव-पलूस पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांना मी टॅली किंवा ईआरपीनेक्स्ट बसवून देते. बिलिंग आणि जीएसटी लोक चटकन उचलतात. रिऑर्डर लेव्हलचा, म्हणजे साठा कितीवर आला की नवा माल मागवायचा त्या आकड्याचा, रकाना मात्र बहुतेकांकडे कोराच असतो. "ताई, माल संपत आला की पोरगं सांगतंयच की," हे ठरलेलं उत्तर. पोरगं सांगतं खरं, पण शेवटचा खोका फोडल्यावर. तिथून पुढं माल यायला चार-पाच दिवस जातात. द्राक्षबागेवर भुरी दिसलेला बागायतदार तेवढा कशाला थांबतोय? तो शेजारच्या दुकानात जातो आणि त्याचं खातंही तिथंच उघडतं.

हिशेब अवघड नाही. समजा, हंगामात भुरीवरच्या गंधकाचे किलोचे पुडे रोज १२ जातात आणि ऑर्डर दिल्यापासून माल ५ दिवसांत उतरतो. म्हणजे मधल्या काळात ६० पुडे लागणार. पण ढगाळ हवा पडली की खप १५ वर जातो, आणि गाडी कधीकधी ८ दिवस लावते. पंधरा आठे १२०. मग लेव्हल १२० धरायची. त्यातले ६० रोजच्या धंद्याचे, उरलेले ६० अडीअडचणीचे. यालाच सेफ्टी स्टॉक म्हणतात.

यात खरी गोची दिवसांची असते. वितरकाचा माणूस "उद्या पाठवतो" म्हणतो, तो उद्या मी धरत नाही. मालकाचा मोबाइल मागून घेते, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर कधी टाकली ते बघते आणि माल उतरल्याची तारीख चलनावरून काढते. पाच-सहा ऑर्डरी अशा तपासल्या की मालकच म्हणतो, "एवढे दिवस लागतात होय!"

ऑर्डर केवढी टाकायची, हा आकडा वेगळा. मागवण्याचा खर्च आणि माल पडून राहण्याचा खर्च यांचा मेळ घालणारं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९१३ सालीच मांडलंय. आमच्याकडं ते फारसं लागत नाही. खोक्यात पुडे किती, वितरकाची स्कीम कितीवर आणि गोदामात जागा किती, यावरच गाडी ठरते.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग पुढं आहे. रॅकवर ७० पुडे दिसतात, म्हणून मालक घाबरून फोन उचलतो. पण १०० पुड्यांची ऑर्डर आधीच वाटेत असते आणि २० पुडे एका बागायतदाराला द्यायचे ठरलेले असतात. सत्तर अधिक शंभर, वजा वीस: हाताशी १५०. लेव्हल १२०, म्हणजे आज मागवायची गरज नाही. टॅलीचा रिऑर्डर स्टेटस अहवाल ही बेरीज-वजाबाकी करून तूट दाखवतो. ईआरपीनेक्स्टमध्ये सेटिंग चालू केलं, तर ते दिवसातून एकदा साठा तपासून मटेरियल रिक्वेस्ट स्वतःच तयार करतं. अट एकच: वाटेतल्या मालाची आणि दिलेल्या शब्दाची एन्ट्री झालेली हवी. काउंटरवर घाईत दिलेला पुडा रात्री बिलात चढला नाही, तर अहवाल बिनधास्त खोटं बोलतो.

टॅलीत लेव्हल ठरावीक आकड्याऐवजी मागच्या खपावरून काढायचीही सोय आहे. दुकानदारांना ती फार आवडते. बारमाही चालणाऱ्या मालाला मीही ती लावते. द्राक्षाच्या औषधांना लावत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच काडीला पेस्ट लावायचं औषध एकदम उचललं जातं. त्याआधीच्या महिन्यांत त्याचा खप जवळपास शून्य, त्यामुळं मागच्या महिन्यावर बोट ठेवणारा संगणक "पुरेसा साठा आहे" असंच सांगणार. अशा मालाचे मी हंगामाचे आणि बिगरहंगामाचे असे दोन आकडे लिहून घेते, तेही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची बिलं बघून. परतीचा पाऊस लांबला की डाऊनी रोगावरच्या औषधांचं गणित कोलमडतं. तिथं मालकाचा अंदाज माझ्या आकड्यापेक्षा भारी असतो, आणि मी तोच भरते.

हंगाम उतरताना आकडा खाली आणायलाच हवा, हे फार जण विसरतात. नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर सॉफ्टवेअर इमानेइतबारे हंगामाएवढा माल मागत बसतं. औषधांना मुदत असते. ती उलटली की माल विकता येत नाही आणि पैसा रॅकवरच अडकतो.

युरिया-डीएपीला मी लेव्हल लावते, पण ती फक्त आठवण म्हणून. ती खतं दुकानदाराच्या ऑर्डरीपेक्षा कंपनीच्या वाटपावर येतात. पॉस मशिनवर विक्री नीट चढलेली असणं तिथं जास्त कामाचं. विद्राव्य खतांचं तसं नाही. १९:१९:१९ असो की ०:५२:३४, आकडा घातला की तो कामाला येतो.

हंगामाचे आकडे चढवायला मी गणपतीच्या आधीचा आठवडा धरते. घट बसेपर्यंत थांबलं, तर मालकाला काउंटर सोडून माझ्यासमोर बसायला सवडच मिळत नाही.