गौरीच्या सामानाची खोली

भाद्रपद लागला की आमच्या वाईतल्या जुन्या घरांतून एक शोधयात्रा निघते. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, फडताळाच्या मागचा पत्र्याचा डबा पुढे येतो, आणि ‘गेल्या वर्षी विसर्जनानंतर मी इथेच ठेवले होते’ हे वाक्य प्रत्येक घरातून एकदा तरी ऐकू येते. गणरायाच्या आराशीवर आणि गौरीच्या सोळा भाज्यांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. आराशीचे सामान उरलेले अकरा महिने कोठे आणि कशा अवस्थेत राहते, याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. यंदा ते काम आम्हीच करावयाचे ठरवले आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

आमच्या माजघराला लागून एक सहा फूट रुंद व नऊ फूट लांब अशी खोली आहे. तिला घरात ‘वातींची खोली’ म्हणतात. पूर्वेला एक खिडकी, तीन भिंतींना खुंट्या, एका भिंतीत दोन कोनाडे, आणि खाली शहाबादी फरशी. परसातल्या देवकापसाची बोंडे या खोलीत येतात. तेथेच त्यांतली सरकी निघते, कापूस पिंजला जातो, फुलवाती आणि जोडवाती वळल्या जातात. गणपतीची गेजवस्त्रे येथेच होतात. मण्यांची तोरणे, लोकरीची फुले, मखराची झालर, गौरीच्या साड्यांना लावावयाचे काठ, चैत्रगौरीच्या आराशीची कागदी फुले, संक्रांतीचे हलव्याचे दागिने ही सारी या खोलीची अपत्ये आहेत. कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही वर्षातले कित्येक दिवस परगावी असू. खोलीचे राज्य सर्वस्वी आमच्या सौभाग्यवतींचे होते.

अशा खोलीला शास्त्राधार आहे काय, असे कोणी विचारील. आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या घराचे वर्णन आहे. (कीर्तनकाराने या ग्रंथाचे नाव काढावे काय, अशी शंका घेणाऱ्यांनी तो एकदा उघडून पाहावा; त्यात गृहव्यवस्था पुष्कळ आहे.) त्या घरी खुंटीला वीणा अडकवलेली असते, चित्र काढण्याचा फलक असतो, आणि रंगाच्या कुंचल्यांसाठी निराळा डबा असतो. डबा निराळा असावा, हे त्या काळीही सांगावे लागत होते! शिवाय घराच्या एकांत भागी कोरीवकामासाठी व इतर करमणुकींसाठी वेगळी जागा सांगितली आहे. त्याच ग्रंथात गृहिणीने मीठ, तेल, सुगंधी द्रव्ये व दुर्मीळ औषधी घरात जपून ठेवाव्यात, कापसाचे सूत काढावे, असेही आहे. चौसष्ट कलांच्या यादीत माळा गुंफणे, सुईकाम, तांदूळफुलांच्या आकृती रचणे या कला आहेत. सामान नीट ठेवणे ही मात्र त्या यादीत नाही. ती पासष्टावी म्हणून घालावी, असे आमचे अनेक वर्षांचे मत आहे.

सौ.ची मांडणी पंचांगाप्रमाणे होती. खिडकीपासून उजव्या हाताने चैत्र सुरू व्हावयाचा आणि खोलीला प्रदक्षिणा घालून फाल्गुन दाराशी यावयाचा. चैत्राच्या खुंटीला गुढीचे वस्त्र व चैत्रगौरीची झालर. श्रावणाच्या कोनाड्यात जिवतीच्या पूजेची वस्त्रे, मंगळागौरीच्या वाती. भाद्रपदाला सर्वांत मोठी जागा, म्हणजे कोपऱ्यातली लाकडी पेटी आणि तिच्यावरची फळी. आश्विनात घटस्थापनेच्या वाती, कार्तिकात तुळशीच्या लग्नाचा अंतरपाट आणि त्रिपुरीच्या वाती. एकच सुई तीन महिन्यांना लागते म्हणून सुया तीन ठिकाणी. आम्ही एकदा ही पुनरुक्ती दोषास्पद ठरवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, तुमच्या कीर्तनात नमन दर वेळी नव्याने होतेच ना?” आम्ही निरुत्तर झालो.

आणि अधिक मास? तो पंचांगात सुमारे पावणेतीन वर्षांनी येणारा पाहुणा. त्याला भिंतीवर जागा कोठून द्यावयाची? त्यासाठी तुळईच्या कडीला एक गाठोडे टांगलेले असे. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा त्यांनी कोणालाही न विचारता काठीने ते गाठोडे खाली घेतले. तेहतिसाच्या हिशेबाने वळलेल्या वातींचे पुडे मागच्या अधिकापासून त्यात तसेच कोरडे होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सन्निधाता नावाचा भांडारांचा अधिकारी आहे. शंभर वर्षांपूर्वीचा जमाखर्च विचारला तरी त्याने अडखळू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा आहे. हा भाग शिकवताना आम्हाला नेहमी वातींची खोली आठवत असे. सासूबाईंच्या वेळची जरीची किनार कोठे आहे, हे अंधारात विचारले तरी उत्तर मिळे.

आता या खोलीच्या शत्रूंविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पहिला शत्रू ओल. कृष्णाकाठचा आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना निराळे सांगावयास नको. कापूस हवेतले पाणी शोषतो. अशा कापसाची वात समईत तडतडते, आणि मग दोष तेलाला दिला जातो. म्हणून वाती वळून झाल्यावर उन्हात घालून, पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात जावयाच्या. गरम असताना झाकण लावले तर आतल्या आत घाम सुटतो. रांगोळीचे रंग ओलीने गोळा होतात. पांढरी रांगोळी तितकी बिघडत नाही, पण ती दगडाची भुकटी, वजनाला जड, म्हणून नेहमी सर्वांत खाली. वरच्या फळीवर रांगोळीचा डबा ठेवणाऱ्या घरात एक ना एक दिवस फळी आणि डबा दोन्ही खाली येतात.

जरीचे शास्त्र वेगळेच आहे. खऱ्या जरीत चांदी असते व ती हवेने काळवंडते. जरीचे काठ धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावेत, त्यांच्याजवळ रबराची वस्तू ठेवू नये. रबरात गंधक असते आणि ते चांदीला काळे करते. घडी दर चार महिन्यांनी बदलावी, नाहीतर जर घडीवर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. सौ. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवत. आमच्या पोथ्यांच्या बासनांतही वेखंडच असते, तेव्हा या एका बाबतीत शास्त्र आणि संसार यांचे एकमत होते. कागदी फुलांना कसर लागते ती कागदापेक्षा खळीच्या लोभाने. खळीत पूर्वी मोरचूद घालीत. त्याने कीड लागत नाही, पण ते विष आहे, आणि ज्या घरात रांगते मूल आहे तेथे ते नसलेलेच बरे. उंदरांविषयी आम्ही लिहीत नाही. गणेशोत्सवाच्या पानात ते शोभणार नाही.

मखराविषयी दोनच शब्द. आमचे मखर लाकडी, सुटे होणारे. प्रत्येक जोडावर खाचांच्या खुणा आहेत, एका खाचेला एक खाच भेटली की बसले. मधल्या काळात घरोघर थर्मोकोलची मखरे आली, आमच्याकडेही एक आले. ते पहिल्याच वर्षी माळ्यावर तुटले. २०१८ साली राज्य शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हा हातोहात जुळणाऱ्या लाकडाचा भाव लोकांना पुन्हा कळला.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर सौ.ना विस्मरण होऊ लागले. प्रथम नावे गेली, मग दिवस. वैद्यांनी व डॉक्टरांनी जे सांगावयाचे ते सांगितले. आमच्या सूनबाईंना वाटले, आईंना शोधाशोध पडू नये. त्यांनी गेल्या श्रावणात स्वतःच्या पैशाने पारदर्शक डबे आणले, साऱ्या खोलीची पुनर्रचना केली आणि प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लावली: ‘कापूस’, ‘दोरे’, ‘मणी’, ‘जर’, ‘मुखवटे’. आम्हाला विचारले तेव्हा आम्ही प्रसन्न होऊन अमरकोशावर एक लहानसे प्रवचनच केले. अमरसिंहाने शब्द असेच लावले आहेत; वनस्पती वनौषधिवर्गात, पशू सिंहादिवर्गात. जे कोठेच बसत नाही त्यासाठी संकीर्णवर्गही आहे. सूनबाईंनी लगेच ‘संकीर्ण’ अशी एक चिठ्ठी लिहिली. आम्ही फार संतुष्ट झालो. अमरकोशातलाच नानार्थवर्ग अर्थाने नव्हे तर शब्दाच्या अंत्य व्यंजनाने लावलेला आहे, कारण शोधणारा तेथे वेगळ्या वाटेने येतो, हे आम्हाला त्या दिवशी आठवले नाही. पन्नास वर्षे तो कोश शिकवूनही आठवले नाही.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी सौ. खोलीत गेल्या. सरळ कोपऱ्याकडे वळल्या, वाकल्या, आणि त्यांचा हात रिकाम्या जागेवर पडला. आमच्या गौरींचे मुखवटे शाडूचे आहेत, आमच्या आजीच्या वेळचे. जुन्या धोतरात गुंडाळून, प्रत्येकीखाली फडक्याची चुंबळ देऊन, मुख वर करून ठेवावयाचे, म्हणजे नाकावर भार येत नाही. ते आता समोरच्या फळीवर डब्यात होते, स्पष्ट दिसत होते, वर चिठ्ठी होती. सौ.नी त्या डब्याकडे पाहिले आणि पुन्हा कोपऱ्यात हात घातला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, ज्येष्ठा-कनिष्ठा घरात नाहीत.” सूनबाई डबा काढून पुढे आल्या, “आई, या बघा, इथे आहेत.” त्या म्हणाल्या, “या आपल्या नव्हेत.” अनुराधा नक्षत्रावर आवाहन झाले, ज्येष्ठेवर पूजन झाले, मुळावर विसर्जन झाले. तिन्ही दिवस त्या गौरींच्या खोलीत पाहुण्यासारख्या बसून होत्या.

यातून वाट काढली ती सूनबाईंनीच; आमच्या विद्वत्तेचा त्यात काडीचा वाटा नाही. त्यांच्या ध्यानात आले की, वाती वळताना भस्माची वाटी आई न पाहता उचलतात. नाव विसरले आहे, हात विसरलेला नाही. गेल्या आश्विनापासून त्यांनी एक क्रम धरला. ज्या महिन्याचे काम, त्या महिन्याचे सामान जमिनीवर ओतावयाचे आणि आईंना म्हणावयाचे, “आता हे जागच्या जागी ठेवा.” त्या उठत, ठेवत. मागून सूनबाई खडूने खूण करीत. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष असे करीत यंदाच्या श्रावणापर्यंत खोली पुन्हा फिरून आली. सूनबाईंनी एक वहीही घातली आहे. तिच्यात भिंतींचा नकाशा आहे. पारदर्शक डब्यांपैकी चार राहिले, रंगांसाठी आणि मण्यांसाठी, कारण ओलीच्या बाबतीत ते पत्र्याहून चांगले, हे सौ.च्या हातांनीही मान्य केले असावे. चिठ्ठ्या आता डब्यांच्या बुडाशी आहेत, पुढच्या पिढीसाठी.

सगळेच जुन्या जागी आले असे नाही. संक्रांतीच्या दागिन्यांची तार आणि काळे कापड त्यांनी पौषाऐवजी श्रावणाच्या कोनाड्यात ठेवले. मुलगा हलवावयास निघाला होता. सूनबाईंनी त्याला थांबवले आणि वहीत श्रावणाखाली तशी नोंद केली.

परवा त्यांनी कोपऱ्यातली पेटी उघडली. एक धोतर सोडले, दुसरे सोडले. दोन्ही मुखवटे मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या, कनिष्ठेच्या भुवईवरचा रंग उडाला आहे तो बोटाने चाचपला, आणि सूनबाईंना आमच्या बहिणीच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, “बारीक कुंचला आण गं.” कुंचला ज्येष्ठाच्या खुंटीवर, वटपौर्णिमेच्या सुताशेजारी होता. त्यांनीच बोटाने दाखवला. हिरव्या पोतीचे मणी मात्र अजून सापडलेले नाहीत. ते गेल्या वर्षी ‘संकीर्ण’मध्ये गेले होते.