घर भाड्याचे, आधार मात्र पक्का

उतारवयात खुब्याचे हाड मोडले की बहुतेकदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुढचे कित्येक महिने सारे घर त्याभोवती फिरते. ते टळावे यासाठी करावयाची कामे फार मोठी नसतात. तरीही ‘११ महिन्यांचा करार, परक्याच्या घरावर खर्च कशाला?’ असे म्हणून ती पुढे ढकलली जातात.

आधाराची दांडी
टॉवेलची दांडी शरीराचा भार पेलत नाही. तोल गेला की हात मात्र तिच्याकडेच जातो. टाईलला हवेने चिकटणारे आधारही अचानक सुटतात. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, मुठीत मावणारी दांडी कमोडशेजारी व आंघोळीच्या जागी स्क्रूने बसवून घ्यावी. भिंत पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांची असल्यास त्यासाठीचे वेगळे फास्टनर लागतात. बसवल्यावर एखाद्या धडधाकट माणसाने जोर लावून ती तपासावी.

कमोड आणि फरशी
कमोडची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असावी. ती ठेंगणी असल्यास वर बसवायची उंच सीट घ्यावी. घर सोडताना ती सोबत नेता येते. घरमालक फरशी बदलणार असतील, तर गुळगुळीत टाईल नको, खरखरीत हवी, असे सुचवावे. तोवर खाली पकड असलेली रबरी चटई वापरावी व साबणाचा थर नियमित घासून काढावा.

गॅस आणि गरम पाणी
बंद न्हाणीघरात गॅस गीझर कदापि नको. त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम. वृद्धांची पातळ त्वचा लवकर भाजते. विसराळूपणा वाढलेल्या ज्येष्ठांसाठी ज्योत विझताच गॅस बंद करणारी शेगडी घ्यावी. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीवर ठेवावेत, म्हणजे स्टुलावर चढावे लागणार नाही.

घरमालकांशी बोलताना
टाईलला छिद्र पाडण्यापूर्वी संमती लेखी घ्यावी. खर्च कोणाचा आणि घर सोडताना काय मागे राहील, हेही त्यातच नोंदवावे. पक्की दांडी पुढच्या भाडेकरूलाही उपयोगी पडते, हे त्यांना आवर्जून सांगावे.

शेवटी, रात्री उठताना भोवळ येते का, हे घरातील ज्येष्ठांना जरूर विचारावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी तसे होऊ शकते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता आपल्या डॉक्टरांना भेटावे; तिथे केवळ दांडीने भागत नाही.