पाय ब्रेक शोधतात

सड्यावरून मिठबावकडे उतरताना जांभा कातळ मागे पडतो, आंब्याच्या बागा संपतात आणि माडांच्या शेंड्यांमागे समुद्र दिसू लागतो. कोकणात सायकल चालवलेल्या माणसाला अशा उताराचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. चढणीला खाली उतरून सायकल ढकलायची, घाम गाळायचा, आणि उतार लागला की पाय थांबवून सायकल सोडून द्यायची. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक आणि कानाशी वारा. चढणीची सगळी मजुरी तिथे वसूल होते.

सर्कशीतल्या साध्या एकचाकी सायकलला हा उतार फुकटात मिळत नाही. तिला चेन नाही, फ्रीव्हील नाही. पायडलं थेट चाकाच्या आसाला जोडलेली असतात. चाक फिरलं की पाय फिरलेच पाहिजेत, आणि पाय थांबले की चाक थांबतं. उतारावर तर पायांना उलटं काम करावं लागतं. पुढे पळू पाहणाऱ्या पायडलांना मागे दाबून धरत, एकेक फेरा रोखत खाली यायचं. साध्या एकचाकीचा ब्रेक म्हणजे स्वाराच्या मांड्या.

आता समजा, एखाद्या मुलाने मिठबावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट, ओल्या वाळूत महिनोन् महिने एकचाकीचा सराव केला. ती त्याच्या अंगात पुरती मुरली. मग एके दिवशी त्याने घरची जुनी दुचाकी सायकल काढली आणि सड्यावरून उतार धरला. वळणावर म्हैस आडवी आली, तर सर्वांत आधी त्याचे हात हलतील की पाय?

बहुधा पाय. ते मागे दाब देतील आणि फ्रीव्हील नुसतं टिकटिकेल. सायकल तशीच धावत राहील. ताशी 30 किलोमीटर वेगाने सेकंदाला सव्वाआठ मीटर अंतर कापलं जातं. पायांचा काही उपयोग नाही हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी सव्वाआठ मीटर हातचे गेले. हॉलंड-जर्मनीत अनेक सायकलींना उलटं पायडल दाबलं की लागणारा ब्रेक असतो. त्यांवर हाच मुलगा पहिल्या दिवसापासून सुखरूप राहील. आपल्याकडच्या सायकलींचे ब्रेक मात्र हातात असतात.

मानसशास्त्रात याला कौशल्याचं संक्रमण म्हणतात. एका कामात कमावलेली सवय दुसऱ्या कामात कधी मदतीला येते, कधी आडवी येते. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी 1901 मध्ये या प्रश्नावर प्रयोग मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की एका कामातलं शिक्षण दुसऱ्यात उतरतं ते दोन्ही कामांत जेवढे घटक समान असतील तेवढंच. ‘ज्याला एका चाकावर तोल सांभाळता येतो त्याला दोन चाकं म्हणजे खेळ’ हे आपण सहज म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण तोल ही एकच विद्या नाही.

तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो, तिचा पाया तिच्या खाली सरकवतो. एकचाकीवर हेच चालतं. अंग पुढे कललं की पायडल जोरात मारून चाक अंगाखाली आणायचं, मागे कललं की चाक रोखायचं. डावी-उजवीकडे तोल गेला की कमरेला पीळ देऊन चाक त्या बाजूला वळवायचं. दुचाकीवर पुढे-मागे तोल सांभाळण्याची गरजच नाही, कारण दोन चाकं एकामागे एक टेकलेली असतात. म्हणजे एकचाकीवाल्याच्या पायांनी कमावलेली सर्वांत अवघड विद्या इथे बिनकामाची ठरते. आणि रिकामे झालेले ते पाय स्वस्थ बसत नाहीत, हीच अडचण आहे.

डावी-उजवीकडचा तोल मात्र दोन्हीकडे एकाच तत्त्वावर चालतो. जिकडे पडतोय तिकडे चाक वळवायचं. दुचाकीवर ते हँडलने होतं, आणि तिथेही एक गंमत आहे. उजवीकडे वळायचं तर हँडल क्षणभर किंचित डावीकडे जातं, त्यामुळे सायकल उजवीकडे झुकते आणि मग वळते. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी 1869 मध्येच हे लिहून ठेवलं होतं. आपण प्रत्येक वळणावर हे करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्याने हँडलशिवायच शिक्षण घेतलं त्याच्या हातांना ही युक्ती ठाऊक नसते. तो कमरेने वळू पाहतो. अंग झुकवलं की चालत्या सायकलचं पुढचं चाक आपणहून त्या बाजूला वळतं, म्हणून मोकळ्या रस्त्यावर त्याचं निभावतं. हात सोडून सायकल चालवायला असा माणूस लवकर शिकावा. पण अरुंद रस्त्यावर समोरून एस.टी. आली की कमरेने वळणं पुरत नाही.

फायद्याच्या सवयीही आहेत. 20 इंची एकचाकी पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे 1.6 मीटर पुढे जाते. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली, 28 इंची चाकांची साधी सायकल एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर जाते. ताशी 10 किलोमीटर वेगाला दुचाकीवर मिनिटाला तीसेक फेरे पुरतात, एकचाकीवर शंभराहून जास्त लागतात. त्यामुळे एकचाकीवाल्याचे पाय गोल, हलके आणि सलग फिरतात. आपल्यासारखे धक्के देत नाहीत. गिअरच्या सायकलवर चढण चढताना हे पाय सोन्यासारखे कामाला येतात. चाकाकडे न बघता लांब नजर ठेवणं, सीटवर भार देऊन ताठ बसणं, हेही त्याच्या अंगी असतं.

सर्वांत धोक्याची सवय मला वेगळीच वाटते, ती म्हणजे पडण्याची. एकचाकीवरून तोल गेला की वाहन सोडून द्यायचं आणि दोन पायांवर उतरायचं, हे पहिल्याच दिवशी शिकावं लागतं. समोर काही नसतं, म्हणून पाऊल मोकळं पडतं. दुचाकीवर समोर हँडल आणि मध्ये नळी असते. तिथे पुढे उडी घ्यायला गेलेला पाय अडकतो आणि माणूस सायकलसकट आपटतो.

या सवयी इतक्या चिवट का? 1953 मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला नवीन काहीच लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केलं आहे याची आठवण त्याला एकदाही नव्हती. अंगवळणी पडलेलं काम मेंदू आठवणींच्या कोठारात ठेवत नाही. त्यासाठी लहान मेंदूसारखे वेगळे भाग आहेत. म्हणूनच ‘ब्रेक हातात आहेत’ हे नुसतं माहीत असून भागत नाही. म्हैस आडवी येते तेव्हा आठवायला वेळच नसतो.

डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याने हँडल उलटं वळणारी सायकल चालवायचा ध्यास घेतला. रोज थोडा सराव करून त्याला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. पुढे तो साध्या सायकलवर बसला तेव्हा तीच चालवता येईना, आणि सुमारे वीस मिनिटं धडपडल्यावर जुनी सवय एकाएकी परत आली. 2015 मध्ये त्याने हे चित्रफितीतून जगापुढे ठेवलं. एक माणूस म्हणजे काही शास्त्रीय पाहणी नव्हे, पण या घटनेतला दिलासा मला मोलाचा वाटतो. जुनी सवय पुसली जात नाही, ती वाट पाहत असते.

आपल्याला एकचाकी भेटली ती सर्कशीच्या तंबूत. भारतीय सर्कशीचा पाया 1880 मध्ये एका मराठी माणसाने, विष्णुपंत छत्रे यांनी घातला, आणि ते मुळात घोड्यांचे जाणकार. आता एकचाकी तंबूबाहेरही विकत मिळते. जपानमध्ये तर ती शाळांच्या मैदानांवर दिसते. कोकणातल्या मुलांनीही ती जरूर शिकावी. ओहोटीचा किनारा त्यासाठी उत्तम आहे, पडलं तरी फारसं लागत नाही. मात्र एकचाकीवरून दुचाकीवर येताना पहिली वीस मिनिटं सपाट रस्त्यावरच काढा. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर ठेवून मुद्दाम दहा वेळा थांबा, पाय स्थिर ठेवून. पाय मागे दाबायचे थांबले की मगच सड्यावरचा उतार धरा.